वरच्या मजल्यावरचा ‘रिनोव्हेट केलेला’ वन बीएचके : जळगावातील एक प्रकरण

दिवाळीनंतर बघायला गेलेला जुना फ्लॅट कधीच वाईट दिसत नाही. जुलै-ऑगस्टची ओल वाळलेली असते, रंग नुकताच लागलेला असतो आणि ऊन अजून चटके देत नसते. हा फ्लॅटही तसाच दिसला.

जळगावात रिंग रोडच्या बाजूला १९९३ सालची सोसायटी. तळमजला अधिक तीन मजले, एकूण १६ फ्लॅट, लिफ्ट नाही. फ्लॅट तिसऱ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर, चटई क्षेत्र ४१० चौरस फूट, बेडरूम पश्चिमेला. विकणाऱ्याने आदल्या वर्षी घर ‘पूर्ण रिनोव्हेट’ केलेले: सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल, हॉल आणि बेडरूममध्ये पीओपीचे फॉल्स सीलिंग, भिंतीला पीव्हीसी पॅनल, स्वयंपाकघरात ट्रॉल्या, नवी स्विचबोर्डे. मागणी २१ लाख. घेणारे पारोळ्याचे निवृत्त शिक्षक, गुरुजी आणि बाई. दवाखाना आणि लेकीचे घर जवळ हवे, एवढाच हेतू. (हे नमुना प्रकरण आहे. खानदेशातल्या अशा इमारतींत वारंवार जे निघते, ते एका फ्लॅटवर बसवून मांडले आहे. मापे आणि हिशेब कामाला लागतील असे आहेत. दर आपल्या गावात विचारूनच धरावेत.)

पाहणी : दोन तास, एक नाणे आणि एक बादली

सोबत नेलेले सामान साधेच होते. टॉर्च, रुपयाचे नाणे, मिस्त्रीची लेव्हल नळी, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, मोबाइल. मालकाची परवानगी घेऊन हॉल आणि बेडरूममधला एकेक गोल दिवा काढला. फॉल्स सीलिंगला तिथे चार इंचांचे भोक असते. त्यातून मोबाइल वर घालून टॉर्च लावून व्हिडिओ घेतला. हॉलवरचा स्लॅब कोरडा निघाला. बेडरूमच्या पश्चिम कोपऱ्यात मात्र प्लास्टर गळून पडलेले, तीन सळया उघड्या, त्यांवर तांबूस गंज आणि आजूबाजूला लोणा. प्लास्टरचे तुकडे फॉल्स सीलिंगच्या पाठीवर तसेच पडून होते. म्हणजे काम करणाऱ्याने हे बघितलेले होते आणि खालून झाकलेले होते.

सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून ढकलून फोडतो. त्यामुळे अशा जागी खालून पुटी-रंग कितीही लावा, एका पावसाळ्यात सुटतो. इकडचे मिस्त्री अहिराणीत सांगतात ते एवढेच: “धाबं गयस भाऊ, खाले रंग दीसन काय व्हई?” (छतच गेलंय, खाली रंग देऊन काय होणार?)

बाथरूममध्ये दोन बादल्या पाणी एकदम ओतले. निम्मे नहाणी ट्रॅपकडे (जमिनीतल्या पाणी जाण्याच्या जाळीकडे) गेले, निम्मे दाराच्या कोपऱ्यात थांबले. लेव्हल नळीने मोजल्यावर कारण कळले. जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवल्याने बाथरूमची जमीन वर आली होती आणि बेडरूमपेक्षा जेमतेम ५ मिलिमीटर खाली राहिली होती. हा फरक २० ते २५ मिलिमीटर हवा. उतारही टाइलबरोबर सपाट होऊन गेलेला.

यापेक्षा जास्त माहिती देणारी तपासणी फुकटची आहे: खालच्या मजल्यावर जाऊन “काकू, तुमच्या बाथरूमचं छत बघू का?” असे विचारायचे. काकूंनी दार उघडले आणि तीन वर्षांची कैफियतही उघडली. छताला ताटाएवढा ओला डाग, मधोमध थेंब. गुरुजींनी त्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहून ठेवली. ती रेघ पुढे फार उपयोगी पडली.

नाण्याने टाइल वाजवत गेल्यावर हॉलमधली बहुतेक भरीव वाजली, दाराजवळची सुमारे ६० चौरस फूट पोकळ. स्विचबोर्ड उघडल्यावर नव्या मॉड्युलर प्लेटच्या मागे १९९३ची ॲल्युमिनियमची वायर, पिळून टेप मारलेली, अर्थिंगचा स्क्रू रिकामा. संडासाच्या माळ्यावर पॅनलच्या आड ३०० लिटरची पाण्याची टाकी. बेडरूमच्या खिडकीवरचा झरोका पॅनलखाली बुजवलेला.

सारांश असा की नवे काम सगळे डोळ्यांच्या उंचीला होते. डोक्यावर आणि पायाखाली काहीच झाले नव्हते.

कागद : आधी ही सोसायटी आहे का, ते बघा

खानदेशातल्या शहरांत पाटीवर ‘सोसायटी’ लिहिलेले असते म्हणून सहकारी गृहनिर्माण संस्था असतेच असे नाही. कधी ती नुसत्या प्लॉटांची जुनी संस्था असते, कधी १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र केलेले अपार्टमेंट, आणि कधी कागदावर काहीच नसते, चौघे मिळून जिन्याच्या दिव्याचे पैसे गोळा करतात. कोणता प्रकार आहे, त्यावर गच्ची कोणाची आणि दुरुस्ती कोणी करायची हे ठरते. इथे १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली संस्था होती, विकणाऱ्याच्या नावाचा भागदाखला होता, आणि संस्थेने २०१४चे आदर्श उपविधी स्वीकारलेले होते.

त्या उपविधींतली एक तरतूद या प्रकरणाचा कणा आहे. गच्ची, पॅरापेट (गच्चीचा कठडा), बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या, सर्व फ्लॅटांच्या छताची संरचनात्मक दुरुस्ती, आणि गच्चीतून पाणी झिरपल्यामुळे वरच्या मजल्याच्या छताचे व प्लास्टरचे झालेले नुकसान, हे सगळे संस्थेने आपल्या खर्चाने करायचे असते. संडास, सिंक वगैरेंच्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या-त्या फ्लॅटधारकाचा. म्हणजे बेडरूमच्या सळया सोसायटीच्या आणि काकूंच्या छताचा डाग फ्लॅट घेणाऱ्याचा. विकणाऱ्याने ही वाटणी कोणालाच सांगितली नव्हती. त्याला ती माहीत नसावी, हेही शक्य आहे.

दुसरी तरतूद वयाची. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट (सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी) ५ वर्षांतून एकदा, ३० वर्षांपुढच्या इमारतीचे ३ वर्षांतून एकदा. या इमारतीने तिशी ओलांडली होती आणि ऑडिट एकदाही झालेले नव्हते.

बाकी कागद नेहमीचे: आधीच्या सर्व खरेदीखतांची साखळी आणि सूची दोन (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), इमारतीचा मंजूर नकाशा, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, वीजबिल, संस्थेचा ना-थकबाकी दाखला. नकाशा हातात घेऊन फ्लॅटमध्ये फिरायचेच. इथे बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली दिसली. मधली भिंत विटांची होती, वरची तुळई शाबूत होती, म्हणून जीव भांड्यात पडला. पण संस्थेची लेखी परवानगी नव्हती. ती खरेदीआधी विकणाऱ्याकडूनच नियमित करून घेतली, कारण खरेदीनंतर तो दोष घेणाऱ्याच्या नावावर चढतो.

हस्तांतरासाठी संस्थेने ५० हजारांचा ‘विकासनिधी’ मागितला. महापालिका क्षेत्रात हस्तांतर प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे (९ ऑगस्ट २००१चा शासनाचा आदेश), त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतर फी आणि १०० रुपये प्रवेश फी. निधीचे नाव बदलून मर्यादा ओलांडता येत नाही. चेअरमन आप्पांना हे शांतपणे, कागद दाखवून सांगितले. त्यांनीही ताणले नाही. बँकेच्या वकिलाने आणि मूल्यांकन करणाऱ्याने कागद बघून कर्ज मंजूर केले होते. त्यांच्या अहवालात छताचा उल्लेख नव्हता, आणि तो नसतोच.

सौदा

२१ लाखांवरून व्यवहार १९ लाख २५ हजारांवर आला. साठेखतात दोन अटी घातल्या. संस्थेने गच्चीच्या दुरुस्तीचा ठराव केल्यावरच खरेदीखत. आणि विकणाऱ्याचे १ लाख रुपये त्याच्या संमतीने दसऱ्यापर्यंत राखून ठेवायचे, बाथरूममधून खाली गळती थांबली नाही तर त्यातून वळते करायचे. दुसरी अट विकणारा सहसा मान्य करत नाही. इथे पेन्सिलीची रेघ आणि मोबाइलचा व्हिडिओ पुढे ठेवल्यावर केली.

गच्ची : सोळा घरांचे धाबे

विशेष सर्वसाधारण सभेत जे व्हायचे तेच झाले. वरचे चार म्हणाले, गच्ची करा. तळमजल्यावरचे म्हणाले, आमच्याकडे कुठे गळतं? तळमजल्याचे दुखणे वेगळे होते. जळगावच्या काळ्या मातीत पाणी मुरले की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि जोत्याजवळच्या भिंतींना तिरप्या चिरा जातात. इथे मागच्या बाजूचा ड्रेनेजचा चेंबर फुटून पाणी थेट जोत्याखाली जात होते. मग ठराव एकच केला: गच्चीचे वॉटरप्रूफिंग, चेंबरची दुरुस्ती आणि इमारतीभोवती तीन फूट रुंदीची बाहेर उतार दिलेली फरसबंदी. फ्लॅट सगळे सारख्याच मापाचे, त्यामुळे वाटाही सारखा. दोन्ही टोकांच्या मजल्यांना काहीतरी मिळाले आणि ठराव पास झाला. कायद्याचा आधार होताच, पण नुसत्या कायद्यावर सोळा घरांकडून पैसे निघत नाहीत.

गच्ची सुमारे २,३०० चौरस फूट, म्हणजे २१४ चौरस मीटर. स्लॅबवर १९९३चा साडेचार इंची ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर. पहिल्या ठेकेदाराने सुचवले की जुन्या कोब्यावरच नवा चार इंची कोबा टाकू, कटकट नाही. हा सल्ला खानदेशात सर्रास मिळतो आणि तो धोकादायक आहे. चार इंची कोब्याचे वजन दर चौरस मीटरला १८० ते २०० किलो भरते. भारतीय मानक ८७५ प्रमाणे माणसे वावरतात अशा सपाट गच्चीसाठी जो चलभार (माणसां-सामानाचा येता-जाता भार) धरतात, तोच दर चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास असतो. म्हणजे गच्चीवर सगळी इमारत जेवायला बसली तर जेवढे वजन व्हावे, त्याहून अधिक वजन कायमचे चढवून ठेवायचे, तेही गंजलेल्या सळयांवर.

उलट टोकाचा सल्ला, सगळा जुना कोबा उखडण्याचा, तोही नाकारला. हिशेब केल्यावर ४५ टनांच्या आसपास मलबा निघत होता. स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरने हातोडीने पूर्ण गच्ची वाजवून पोकळ भाग खडूने आखला: सुमारे ३५० चौरस फूट, जिन्याच्या टोपीपासून पश्चिमेच्या पॅरापेटपर्यंत. तेवढाच उखडायचा ठरला.

काम फेब्रुवारीत धरले. लोकांना वाटते वॉटरप्रूफिंग मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर करावे. खानदेशात मे महिना या कामाला सर्वांत वाईट. पारा ४५ अंशांच्या आसपास, गच्चीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापलेला; पॉलिमर-सिमेंटचा कोट ब्रश फिरेपर्यंत सुकतो आणि त्यात सुईच्या टोकाएवढी भोके राहतात. शिवाय क्युरिंगला पाणी साठवायचे तर रोज सेंटिमीटरभर वाफ होऊन जाते. २१४ चौरस मीटरवर एक सेंटिमीटर म्हणजे दिवसाला २,१०० लिटर. जिथे नळाला पाणी रोज येत नाही तिथे ते आणायचे कुठून? फेब्रुवारीत हा खर्च निम्म्याच्या घरात येतो.

कामाचा क्रम असा राहिला. आधी गच्ची मोकळी केली: मोडक्या टाक्या, डिशचे स्टँड, जुन्या कूलरचे सांगाडे. डिशचे बोल्ट थेट कोब्यात ठोकलेले होते. प्रत्येक बोल्टचे भोक म्हणजे पाण्याची वाट. मग पावसाच्या पाण्याचे चार खुरे, म्हणजे पाणी गच्चीबाहेर जायची तोंडे, तपासली. दोन बुजलेले निघाले, कारण आधीच्या डागडुजीत त्यांचे तोंड वर उचलले गेले होते आणि पाणी तिथे चढतच नव्हते. तासाला ५० मिलिमीटरची एक जोरदार सर आली तर या गच्चीवर तासाभरात १०,७०० लिटर पाणी पडते. ते दोन तोंडांतून निघेपर्यंत तळे होणारच. चारही खुरे खाली घेऊन १०० मिलिमीटरच्या नळ्या बसवल्या, तोंडाला जाळी.

पोकळ भाग उखडल्यावर स्लॅब धुऊन काढला, तिथे वरून पॉलिमर-सिमेंटचे दोन कोट दिले, मग नवा कोबा, शंभरास एक उतार. उरलेल्या जुन्या कोब्यातल्या चिरा १२ मिलिमीटरच्या व्ही आकारात कापून पॉलिमर मॉर्टरने भरल्या. पॅरापेट आणि गच्चीच्या सांध्याचा वाटा (कोपऱ्यात मारलेली सिमेंटची गोलाई) पूर्ण तोडून ७५ मिलिमीटरचा नवा मारला, एकास तीन (सिमेंट-वाळू) मालात, सिमेंटच्या प्रत्येक गोणीला २०० मिलि वॉटरप्रूफिंग द्रव. पॅरापेटची वरची टोपी आणि आतल्या अंगाचे प्लास्टरही केले. बहुतेक गच्च्या मधून कमी आणि काठावरून जास्त गळतात. पाणी पॅरापेटच्या चिरेतून शिरते, वाट्यामागून उतरते आणि खालच्या खोलीच्या कोपऱ्यात दिसते. पश्चिम कोपऱ्यातल्या सळयांचे मूळ हेच होते.

कोट सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच दिले, आधी पृष्ठभाग ओलसर करून पण पाणी साचू न देता. पहिला कोट उत्तर-दक्षिण, दुसरा पूर्व-पश्चिम, वाट्यावर आणि खुऱ्यांभोवती फायबरची जाळी. मग काठ बांधून ५० मिलिमीटर पाणी ७२ तास. खाली चारही घरांत कोणी ना कोणी छताकडे बघत होते.

वरचा थर काय द्यायचा यावर खूप चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. पांढरा परावर्तक रंग हलका असतो, उन्हाला परत पाठवतो. पण खानदेशातली गच्ची रिकामी नसते. उन्हाळ्यात तिथे पापड, कुरडया, बिबडे वाळतात, मिरच्या पसरतात, रात्री लोखंडी पलंग ओढले जातात. पलंगाच्या एका पायाने कोट खरवडला की संपले. म्हणून ज्या ३५० चौरस फुटांत नवा कोबा झाला, तिथे पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक केले आणि वाळवण-पलंग तिथेच, असे ठरवले. बाकी सगळीकडे पांढऱ्या रंगाचे तीन हात. वाऱ्या-वावटळीने त्यावर धूळ बसते आणि मळका पांढरा रंग ऊन परतवत नाही. म्हणून मार्चमध्ये एकदा धुणे, आणि तीन-चार वर्षांनी नवा हात. जुन्या धाब्याच्या घरांवर पावसाआधी पांढरी माती टाकायची रीत होती, त्याच वळणाचे हे काम.

गच्ची आणि फरसबंदी मिळून ३ लाख ३६ हजार. दर घराला २१ हजार.

बेडरूमचे छत

हे काम गच्ची कोरडी झाल्यावर, संस्थेच्या खर्चाने. फॉल्स सीलिंग काढले. सुटलेले काँक्रीट सळईच्या मागे २० मिलिमीटरपर्यंत काढले. नुसती समोरची बाजू घासून मागचा गंज ठेवला तर दोन वर्षांत पुन्हा फुटते. दुरुस्ती चालू असताना खाली टेकू. वायर ब्रश, गंज-रूपांतरक, सळईला गंजरोधक लेप, बाँड कोट आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर, एका वेळी १२ ते १५ मिलिमीटरहून जाड नाही. एकूण क्षेत्र १४ चौरस फूट. एका सळईचा व्यास चौथ्या हिश्श्याहून जास्त झिजला होता. तिच्या शेजारी नवी जोडली.

फॉल्स सीलिंग परत लावले नाही. मूळ उंची साडेनऊ फूट होती, सीलिंगखाली ती आठ फूट चार इंच झाली होती. राहत्या खोलीला राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट हवेत. शिवाय पंखा खाली आल्याने छताजवळची गरम हवाच तो डोक्यावर ढकलत होता. छत उघडे असले की पुढच्या पावसाळ्यात डाग पडला तर लगेच दिसेल, हाही फायदा. पीओपीवर दिसेपर्यंत सळई गेलेली असते.

बाथरूम

सहा बाय चार फूट, खाली दहा इंचांचा खड्डा. पूर्ण तोडले. खड्ड्यातून २० घनफूट चिखल झालेले विटांचे तुकडे निघाले आणि तळाशी दोष सापडला: नहाणी ट्रॅप आणि बिडाच्या नळीचा सांधा उघडा. बाहेरची उभी नळी संस्थेची, ट्रॅप आणि आतला जोड फ्लॅटचा. दोघांनी आपापले बदलले, एकाच दिवशी, एकाच प्लंबरकडून. वेगवेगळ्या वेळी केले असते तर सांधा पुन्हा बेवारस राहिला असता.

आतले गंजलेले जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाकले. टाइल लावण्याआधी चौरस सेंटिमीटरला ६ किलोच्या आसपास दाब देऊन दोन तास ठेवले. काटा हलला नाही तेव्हाच भिंत बुजवली. चिकटवायला सीपीव्हीसीचेच सॉल्व्हंट लागते, पीव्हीसीचे स्वस्त असते म्हणून प्लंबर तेच आणतो. डबा वाचून घ्यावा.

खड्ड्याला दोन कोट, भिंतीवर फूटभर वर, आंघोळीच्या कोपऱ्यात सात फुटांपर्यंत. ४८ तास पाणी. खाली काकूंकडे पेन्सिलीच्या रेघेबाहेर डाग गेला नाही. भरावाला विटांऐवजी सिपोरेक्सचे (हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे) तुकडे वापरले. एक टन वजनाच्या जागी चारशे किलोच्या आत काम झाले. त्यावर ट्रॅपकडे उतार देऊन पुन्हा कोट आणि पुन्हा चाचणी. दुसरी चाचणी वगळण्याचा मोह सगळ्यांना होतो, मिस्त्रीला जास्त.

टाइलचा हिशेब: जमीन २४ चौरस फूट, भिंती सात फुटांपर्यंत दार वजा जाता १२२, वर दहा टक्के तूट, म्हणजे १६० ते १६५ चौरस फूट. जमिनीला खडबडीत मॅट. सांध्यांना इपॉक्सी ग्राउट (टाइलमधल्या फटी भरायचा राळेचा माल), जरी ते महाग असले तरी. बोअरचे पाणी जड, त्याचे पांढरे थर टाइलवर बसतात, ते काढायला घरोघरी ॲसिड ओततात. ॲसिड टाइलला सहसा काही करत नाही, सिमेंटचे ग्राउट मात्र खाते. मग पाणी सांध्यातून खाली, आणि काकू दारात. या थरांचे मूळ कारण बोअरमध्ये असले तरी भांडण जिन्यात होते.

फरशी, पाणी, वीज

हॉलमधली टाइलवर टाइल ठेवून दिली. घरभरची सगळी उखडली असती तर साडेपाच टन मलबा, २५ किलोच्या सव्वादोनशे गोण्या, तीन जिने. नव्या थराचे वजन दर चौरस मीटरला २५ ते ३० किलो. हॉलच्या मानाने ते चालते. फक्त पोकळ ६० चौरस फूट काढून पॉलिमर ॲडेसिव्हने पूर्ण पाठ भरून बसवली. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषतच नाही, त्यामुळे सिमेंटच्या रसाने ती धरत नाही. आधीच्या कारागिराने ठिपके देऊन चिकटवली होती. भिंतीकडेने ६ मिलिमीटर फट ठेवून ती स्कर्टिंगखाली झाकली. जागा नसेल तर मेमध्ये टाइल एकमेकींना ढकलून तंबूसारख्या उठतात, मोठा आवाज होऊन.

संडासावरची टाकी काढली. माळ्याची पट्टी अठरा चौरस फुटांची; ३०० लिटर म्हणजे ३०० किलो त्यावर कायम. माळा ट्रंका-गोधड्यांसाठी असतो. दोन माणसांना दिवसाला २७० लिटर धरले तर तीन दिवसांना ८१० लिटर लागतात, म्हणून हजार लिटरची टाकी गच्चीवर, इंजिनिअरने दाखवलेल्या तुळईवर, संस्थेच्या लेखी परवानगीने.

वायरिंग पूर्ण नवे केले. मीटरपासून ६ चौरस मिलिमीटर तांबे, एसी आणि गीझरला स्वतंत्र ४, सॉकेटला २.५, दिव्यांना १.५. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच. यात काटकसर करूच नये, आणि कारण आहे कूलर. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पंप, ओला हात आणि अर्थिंग नसलेला प्लग. इकडे उन्हाळ्यात माणसे याने दगावतात. कूलरच्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही हे दिवा आणि वायर लावून इलेक्ट्रिशियनकडून समोर तपासून घेतले.

झरोका पुन्हा उघडला. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती दुसऱ्या बाजूने बाहेर पडली नाही तर खोली दमट होते आणि लोक म्हणतात कूलर बिघडला. भर उन्हाळ्यात मध्यम कूलर तासाला ८-१० लिटर पाणी पितो, हेही टाकीच्या हिशेबात धरावे लागते.

स्वयंपाकघराला फार हात लावला नाही. सिंकखालच्या ट्रॉलीचा प्लाय फुगला होता, तेवढा ७१० मानकाचा (पाण्याला टिकणारा) बदलला. फिल्टरची, हवा आतच फिरवणारी चिमणी काढून भिंतीत बाहेर टाकणारा एक्झॉस्ट बसवला; भरताची वांगी भाजायची आणि काळा मसाला परतायचा तर धूर बाहेरच गेला पाहिजे.

पावसाळ्यानंतर

फ्लॅटच्या आतले काम ५२ दिवस चालले, खर्च २ लाख ९० हजार. जूनअखेरपर्यंत छत कोरडे. जुलैत बेडरूमच्या खिडकीखाली ओल दिसली आणि सगळे गच्चीकडे धावले. गच्ची निर्दोष होती. कूलरच्या लोखंडी स्टँडचे दोन बोल्ट छज्ज्याच्या सांध्यात ठोकलेले होते आणि उन्हाळाभर टपकलेल्या पाण्याने तिथली चीर रुंदावली होती. स्टँड काढून जमिनीवर टेकणारा केला, चीर भरली, छज्ज्याला बाहेर उतार दिला. ऑगस्टच्या झडीत काही आले नाही.

काकूंच्या छतावरचा डाग वाळून पिवळट झाला. रेघ तशीच आहे, काकूंनी रंग द्यायला नकार दिला आहे. दसऱ्याला विकणाऱ्याचे राखलेले १ लाख पूर्ण दिले. संस्थेकडे तळमजल्यावरच्या एका घराचे २१ हजार अजून यायचे आहेत. दोन नोटिसा गेल्या, वसुली दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे अर्ज तयार करून आप्पांच्या टेबलावर ठेवला आहे.